सरांसाठी राखलेला हुरडा

आमचे अर्थशास्त्राचे सर औरंगाबादहून रेल्वेनं जालन्याला यायचे. ते आले नाहीत की कॉलेजचा शिपाई वर्गात येऊन फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं ‘गाडी लेट’ असं लिहून जायचा. गाडी खरंच लेट असली तरी तेच, आणि गाडी वेळेवर येऊन, दुसऱ्या सरांना उतरवून, परभणीकडं केव्हाच निघून गेलेली असली तरी तेच. ते वाचून मुलं चहाच्या हॉटेलाकडं पळायची. आम्ही मोजक्या मुली पुढच्या बाकांवर वह्या उघडून तास संपेपर्यंत बसून राहायचो, कारण तास नसताना मुलींनी जायचं कुठं हा प्रश्न त्या काळात जालन्यात कुणी सोडवलेला नव्हता.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून काही वर्षं झाली होती. आमचं गाव राजूरच्या अलीकडं, भोकरदन रस्त्यावरच्या फाट्यापासून आत चालत जायचं. कॉलेजसाठी मी जालन्यातच, मस्तगड भागात मामांच्या घरी राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं गावी जायचे. गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच. हे काही मिरवायला सांगत नाही. पहिली असण्याचा त्रासच फार. आपण साधं शिंकलो तरी लोक म्हणतात, कॉलेजात गेली म्हणून शिंकली.

सरांचा मला राग यायचा, आणि सर मला देवासारखेही वाटायचे. दोन्ही एकाच वेळी, त्याला इलाज नव्हता. ते आठवड्यातून एखादा तास घ्यायचे, पण तो तास असा व्हायचा की बाकीच्या बुडालेल्या तासांचं माणूस विसरून जायचं. हातात कागद नाही, पुस्तक नाही. मोंढ्यात मिरचीचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा का असतो, इथून सुरुवात करून ते कुठल्या कुठं घेऊन जायचे. मी पहिल्या वर्षाला असताना एकदा त्यांनी विचारलं, शेतकरी घरच्या माणसांची मजुरी खर्चात का धरत नाही? मी उभी राहून म्हणाले, “घरच्यांना मजुरी धरली तर शेती तोट्यात आहे हे कळेल, म्हणून धरत नाही.” सर थांबले. मुलांकडं वळून म्हणाले, “बघा. हिला जे कळलं ते आपल्यापैकी किती जणांना कळतं?” त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली. कुणी मुलांसमोर माझं असं कौतुक केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरातही नव्हतं.

बाकी मात्र सगळा आनंदच होता. दिवाळी होऊन गेली तरी निम्मा अभ्यासक्रम तसाच पडलेला. विभागाच्या कपाटात चांगली पुस्तकं होती, पण त्या कपाटाची किल्ली सरांच्या खिशात, आणि खिसा औरंगाबादला. सर भेटले की आम्ही जादा तासाचं विचारायचो. सर हसून म्हणायचे, “घेऊ की. मी आहे ना.” हे ‘मी आहे ना’ ते इतक्या मायेनं म्हणायचे की ते नसतात हे तोंडावर बोलायची कुणाची छाती व्हायची नाही. माझा जळफळाट व्हायचा. घरी मामीपुढं मी त्यांना नको नको ते बोलायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते जिन्यात दिसले की माझा चेहरा उजळायचा.

मला एम.ए. करायचं होतं. त्यासाठी औरंगाबादला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहावं लागणार होतं, आणि तिथं मला पाठवायचं की नाही हे वडिलांच्या हातात होतं. वडिलांना घरात सगळेच दादा म्हणायचे, अगदी त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काकासुद्धा. दादा नाही म्हणाले नव्हते. हो पण म्हणाले नव्हते. काकांचं मत ठरलेलं होतं. “जालन्यात मामाचं घर हाय, तिथवर ठीक हाय. औरंगाबादला कोन हाय आपलं?” असं ते दर सुट्टीत म्हणायचे आणि त्यांनी एक स्थळही पाहून ठेवलं होतं. दादा तंबाखू मळत ऐकून घ्यायचे. शेवटी एक दिवस मला म्हणाले, “तुह्या सरांचं काय म्हननं हाय? जाणत्या मानसाच्या तोंडून एकदा ऐकू दे. मंग पाहू.”

मी जिन्यात सरांना गाठलं. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “तू एम.ए. करायचं नाही तर कुणी करायचं? वडिलांशी मी बोलतो. मी आहे ना!” मी म्हणाले, सर, आमच्याकडं शाळू ज्वारी हुरड्यावर आलीय, शेतावर या. सरांचे डोळे चमकले. “हुरडा? अरे वा! येत्या रविवारी येतो. सांगून ठेव घरी.”

हुरडा खाल्लेल्या माणसाला त्यातली गोम सांगायला नको. ज्वारीच्या दाण्यात दूध भरून ते घट्ट होऊ लागतं, पण दाणा अजून हिरवा, मऊ असतो, तेवढेच दिवस हुरड्याचे. चार दिवस आधी नुसतं पाणी, आठ दिवस नंतर नुसती ज्वारी. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, त्या आगटीत कणसं भाजायची आणि गरम गरम हातावर चोळायची. खाणारा आगटीच्या शेजारीच बसलेला हवा. हुरडा बांधून कुणाच्या घरी पाठवता येत नाही. माणसालाच शेतावर यावं लागतं. म्हणून आमच्याकडं हुरड्याचं बोलावणं म्हणजे साधं जेवणाचं बोलावणं नसतं. ज्याला बोलावलं तो येईपर्यंत आगटीभोवतीचा कुणी दाणा तोंडात टाकत नाही.

दादांनी विहिरीजवळच्या सुरती ज्वारीच्या चार ओळी सरांसाठी ठेवल्या. आईनं तिळाची आणि लसणाची अशा दोन चटण्या कुटल्या, दही लावलं, राजूरच्या बाजारातून गोडीशेव आणली. दादांनी काकांनाही मुद्दाम बोलावलं. “तू बी ये. सर काय म्हन्तात ते तुह्याही कानावर पडू दे.” दादांच्या मनात काय आहे हे मला तेव्हाच समजलं. त्यांना मला पाठवायचं होतं. फक्त भावाच्या तोंडावर नुसतं लेकीचं ऐकून पाठवतोय असं त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. कुणा शिकलेल्या, वजनदार माणसानं चार शब्द बोलावेत आणि आपण मान डोलवावी, एवढाच त्यांचा बेत होता.

त्या रविवारी मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. सकाळची जालन्याची गाडी आली. राजूरला जाणाऱ्या बायका, कोंबड्यांची पाटी घेतलेला एक म्हातारा, दोन पोलीस. सर नव्हते. पुढची गाडी आली, तिच्यातही नव्हते. मी बाभळीखाली उभी होते आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारत होता, “कोन येऊन राह्यलं गं, बाई?” मी सांगत होते, “आमचे सर.” पहिल्या दोघातिघांना मी हे मान वर करून सांगितलं. नंतर नंतर आवाज खाली गेला.

दुपार कलल्यावर शेतावर परत गेले तेव्हा आगटीत तिसऱ्यांदा गोवऱ्या घातलेल्या होत्या. आधी भाजलेली कणसं टोपलीत गार पडली होती. कुणी खाल्लं नव्हतं. काकांनी माझ्या मागं रिकाम्या पायवाटेकडं नजर टाकली आणि म्हणाले, “सर कुठंत? पाठीमागून येऊन राह्यलेत का?”

“गाडी चुकली असेल,” मी म्हणाले.

“गाडी चुकली, का सर चुकले?” काका हसले. ते वाईट माणूस नव्हते, पण जिंकायला लागले की त्यांना थांबता येत नसे. दादांनी एक गार कणीस उचललं, चोळलं आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. “खा. भूक लागली आसंल.” मी ते दाणे तसेच मुठीत धरून बसले. अपमान सरांनी केला होता आणि मान माझी खाली गेली होती. जणू मीच कुणाला येते म्हणून सांगून गेले नव्हते.

सोमवारी सर वर्गात आले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, “अगं, काल निघालो होतो मी. पण चतुर्थी ना राजूरची! गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रविवारी नक्की.” मी मान हलवली. राजूरच्या पंचक्रोशीत वाढलेल्या पोरीला चतुर्थी कधी आहे हे पंचांग न बघता ठाऊक असतं. गणपतीच्या देवळाकडं जाणारी माणसं आमच्या दारावरूनच जातात. चतुर्थी आदल्या बुधवारी होऊन गेली होती. दादा स्वतः पायी जाऊन दर्शन घेऊन आले होते आणि प्रसादाचा नारळ आमच्या देवघरात होता.

तरी मी शनिवारी घरी गेले आणि दादांना तेच सांगितलं. चुलीसमोर बसून, तव्यावरच्या भाकरीकडं बघत मी म्हणाले, “चतुर्थीची गर्दी होती म्हणे, जागा मिळाली न्हाई.” आईचा भाकरी थापणारा हात थांबला. दादांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील, कोणती चतुर्थी? ते म्हणाले, “हां, गर्दी आसती कधी कधी.” मग उठून बाहेर गेले. त्यांना कळलं होतं आणि मला कळलं होतं की त्यांना कळलंय. मी त्यांच्यापुढं दुसऱ्याचं खोटं वाढलं आणि त्यांनी ते निमूट खाल्लं. आजही ती चूल डोळ्यांपुढं आली की कान तापतात.

दुसऱ्या रविवारसाठी दादांनी काय केलं असेल? सर पुढच्या रविवारी तरी येतील असं धरून त्या चार ओळींना ते आठवडाभर विहिरीचं पाणी देत राहिले, दाणा लवकर टणक होऊ नये म्हणून. गहू पाण्याला आलेला होता, त्याची पाळी मागं ठेवून. पाखरं हाकायला स्वतः गोफण घेऊन बसले. बाकी रानातली ज्वारी पिकायला लागली होती आणि मधेच त्या चार ओळी हिरव्यागार. येणारेजाणारे बांधावर थांबून विचारायचे, “दादा, ही का राखली?” दादा सांगायचे, “बाईचे सर येनार हायेत औरंगाबादहून.” बाई म्हणजे मी. हे मला आईनं सांगितलं. म्हणजे आता माझं एकटीचं राहिलं नव्हतं, सगळ्या गावाला माहीत झालं होतं.

त्या रविवारी मी फाट्यावर गेले तेव्हा पहिल्या गाडीच्या कंडक्टरनं मला ओळखलं. दार उघडून त्यानं आत पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मी न विचारताच म्हणाला, “न्हाईत आज बी, ताई.” गाडीतल्या बायांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या. त्यातल्या एकीनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. गाडी धूळ उडवत गेली आणि मी तिथंच उभी. एकविशीची पोर, धुतलेलं लुगडं नेसून, लागोपाठ दुसऱ्या रविवारी रस्त्यावर कुणा पुरुषाची वाट बघत उभी आहे, हे गावाला कसं दिसत असेल हे त्या क्षणी मला उमगलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण दुसरी गाडी यायची होती, आणि न जाणो, तिच्यात सर असले तर? मी थांबले. दुसरी गाडी थांबलीच नाही, फाट्यावर उतरणारं कुणी नव्हतं.

शेतावर त्या दिवशी काका आले नव्हते. आईनं मला बघितलं आणि ती फुटली. “बस झालं. आता त्या फाट्यावर उभी ऱ्हायलीस तर पाय मोडून टाकीन. लोकं काय काय बोलून राह्यलेत, तुला काय ठाव?” मग तिनं दह्याचं गाडगं उचललं आणि ती घराकडं निघाली. दादांनी आगटीवर माती लोटली. पेटलेली आगटी विझवताना त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढच्या आठवड्यात सर आले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे त्यांनी टाळलं असं नाही. ते विसरले होते. टाळलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान काही तरी खटकलंय असं कळलं असतं. त्या दिवशीचा तास फार सुंदर झाला. मी वही मिटून बसून होते. वर्ग हसत होता, मलाही हसू येत होतं, आणि येतंय म्हणून स्वतःचीच चीड येत होती.

आणि मग दादाच कॉलेजात आले. मोंढ्यात काही काम काढून आले होते, पण काम निमित्तालाच. कॉलेजच्या व्हरांड्यात ते खांबाला टेकून उभे होते, डोक्याला पटका, हातात पिशवी. पिशवीत त्या चार ओळींमधली शेवटची कणसं होती. वरवर हिरवी, आतून निबर होत चाललेली. हुरडा कुणाला असा पोचवत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण ज्याला बोलावलं त्याच्या तोंडी दाणा गेला नाही हे त्यांना सलत होतं. मला म्हणाले, “सर येऊन राह्यले न्हाईत, तर आपन जाऊ. त्यात काय? काम आपलं हाय.”

सर तेवढ्यात जिन्यावरून उतरलेच. काखेत बॅग, स्टेशनची घाई. मी पुढं होऊन म्हणाले, “सर, हे माझे वडील.” दादांनी दोन्ही हात जोडले. सरांनी झटकन बॅग खाली ठेवली आणि दादांचे हात हातात घेतले. असं कुणी प्राध्यापक शेतकऱ्याचे हात धरत नसे. दादा विरघळले. पिशवी पुढं करून म्हणाले, “तुमच्यासाठी राखला होता, सर. आता जरा निबर झालाय.”

“वा, वा! कशाला त्रास घेतलात? मी येणारच होतो.”

दादांनी घसा खाकरला. त्यांनी ते वाक्य वाटेत जुळवून आणलं होतं हे मला कळत होतं. “सर, आमच्या बाईचं पुढं काय करावं म्हन्ता? तुमी सांगाल ते बराबर.”

हाच तो क्षण होता. सरांनी दादांकडं पाहिलं, त्यांच्या पटक्याकडं, चपलांवरच्या मातीकडं, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की या माणसाला काय ऐकायला आवडेल याचा त्यांनी अंदाज बांधला. मग त्यांचा चेहरा प्रेमळ झाला.

“आता पुढं काय? बी.ए. झालीच म्हणा ना! पोर गुणाची आहे. शेवटी तुम्ही वडील, तुम्ही म्हणाल तसं. मुलीचं वेळेवर झालेलं बरं असतं. लग्नाची पत्रिका तेवढी पाठवा. मी नक्की येणार!”

एवढं बोलून त्यांनी पिशवी घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी गाठायला निघून गेले. त्या दिवशी गाडी वेळेवर होती.

त्यांनी मुद्दाम केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. सर खोटारडे नव्हते. समोर जो असेल त्याला आवडेल ते बोलायची त्यांना सवय होती, आणि जिन्यात मी समोर होते तेव्हा मला आवडेल ते बोलले होते. मला जे माझं एकटीचं वाटलं होतं ते त्यांनी शंभर जणांना वाटलं असेल. हे मला व्हरांड्यात उभ्याउभ्या कळलं आणि अंगावरची वस्त्रं गळून पडावीत तशी लाज वाटली. मी घरात दोन वर्षं सांगत आले होते, सर असे म्हणतात, सर तसे म्हणतात, सरांना मी हुशार वाटते. आता दादांना काय वाटलं असेल? पोरगी आपल्याच मनचं सरांच्या नावावर खपवत होती?

आम्ही स्टँडकडं चालू लागलो. वाटेत दादा म्हणाले, “मानूस चांगला हाय सर.” मी हूं म्हणाले. कापडाच्या दुकानांपाशी ते थांबले, माझ्याकडं न बघता म्हणाले, “मंग बाई, तुह्या मनात काय हाय?”

त्यांनी विचारलं होतं. जन्मात पहिल्यांदा, सरळ, मला. आणि मला जायचं होतं. ‘दादा, मला औरंगाबादला जायचंय’, एवढे चारच शब्द तोंडात तयार होते. पण ते बोलायचे तर सर मला वेगळंच म्हणाले होते हेही सांगावं लागणार, आणि मग फाटा, कंडक्टर, चतुर्थी, सगळं पुन्हा उकरून निघणार. एक तर मी लबाड ठरणार नाही तर मूर्ख. मला दोन्ही सोसलं नसतं. मी म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.”

दादांनी मान हलवली. थोडं थांबले, आणखी काही येतंय का याची वाट पाहिली असावी. मग आम्ही चालू लागलो. आपण नेमके सरांचेच शब्द वापरले हे मला गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

काकांनी पाहून ठेवलेलं स्थळ चांगलं होतं. माणसं साधी, नवरा शाळेत शिक्षक. परीक्षा झाल्यावर वैशाखात लग्न ठरलं. आपल्या मनाविरुद्ध फरफटत नेलं असं मी म्हणणार नाही, कुणी मला ओढलं नव्हतं. एम.ए. तेवढं राहिलं, ते राहिलंच. दादांनी सरांना पत्रिका पाठवली. मी म्हणाले होते, पाठवू नका, ते कुठले यायला. दादा म्हणाले, “त्यांनी मागितली व्हती. आपन बोलावायचं.”

आणि सर आले. अक्षता पडायच्या आधी, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, घाम पुसत, फाट्यापासून चालत. मांडवात गडबड उडाली. औरंगाबादचे प्राध्यापक म्हणून त्यांना नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांशेजारी बसवलं. त्यांच्या अंगावर अत्तर शिंपडलं. लग्न लागल्यावर आम्ही दोघं त्यांच्या पाया पडलो. त्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला. मुंडावळ्यांच्या आडून मी त्यांच्या बुटांकडं बघत होते.

पंगतीत दादा स्वतः त्यांना बुंदी वाढत होते. एका बाजूला माझे सासरे, दुसऱ्या बाजूला काका. मी नव्या सासूशेजारी, हाताच्या अंतरावर. सरांनी पत्रावळीवरून मान वर केली, सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि सासऱ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, वर्गात बोलायचे तसं, म्हणाले, “ही आमच्या कॉलेजची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी बरं का! हिला एम.ए. करायला पाठवायला हवं होतं. वडिलांनी फार घाई केली.”

सासरे हसले. काका खाली बघून भात कालवत राहिले. बुंदीची मूठ भरलेला दादांचा हात सरांच्या पत्रावळीवर तसाच थांबला. मग त्यांनी ती वाढली, पुढच्या पाहुण्याकडं सरकले, त्याला वाढलं, त्याच्या पुढच्याला वाढलं, आणि माझ्यापाशी आले तेव्हा मान वर न करता मला वाढून पुढं गेले.